टोपीवाल्याची वाफ

मास्तरांनी खालच्या दोन खोल्या टोपीवाल्याला भाड्यानं दिल्या, हे कळल्यावर त्यांच्या मेहुण्यानं कपाळाला हात लावला.

"भाऊजी, सगळं जग सोडून टोपीवाला? तो तुम्हालाच टोपी घालून जाईल हो!"

मेहुण्याला बोलायचा अधिकार होता. गावाबाहेरच्या रस्त्याला त्याच्या भाड्याच्या खोल्यांची अख्खी रांग होती, आणि भाडेकरू कसे सांभाळावेत याचे त्याचे स्वतःचे नियम होते. घर द्यावं, किल्ली द्यावी, कान देऊ नये. दुरुस्ती सांगितली की लगेच करावी, म्हणजे दुसरी सांगायला त्याला तोंड उरत नाही. आजारी पडला तर डॉक्टरचा पत्ता द्यावा, डबा नेऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम तो बोट वर करून सांगायचा, "दोस्ती करू नये. दोस्ती झाली की भांडणसुद्धा दोस्तासारखं होतं. ते भाडेकरारात बसत नाही."

मास्तर हसले. आयुष्यभर त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं, आणि ज्या नियमाला प्रयोगाचा आधार नाही तो त्यांच्या लेखी नियमच नव्हता.

टोपीवाला एकटा होता. मास्तरांपेक्षा थोडा लहान, अंगानं किरकोळ, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघायच्या आधी त्याच्या डोक्याकडे बघणारा. फेल्टच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या टोप्या तो बनवायचा. नाटक कंपन्या त्याच्याकडून टोप्या घेत, बँडवाले घेत, आणि थंडीत कान झाकणारी म्हातारी माणसं घेत. त्याची रीत अशी : फेल्ट भरपूर पाण्यात भिजवून मळायचं, मोठ्या किटलीच्या वाफेवर धरायचं, मऊ झालं की लाकडी डोक्यावर ताणून बसवायचं आणि तसंच वाळू द्यायचं. मागच्या खोलीत अशा लाकडी डोक्यांची फळी होती. नेहमीच्या गिऱ्हाइकांची डोकी त्यानं मापानं कोरून ठेवलेली होती. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं मास्तरांचंही डोकं कोरलं.

"डाव्या कानाच्या वर जरा उंचवटा आहे, मास्तर. बाजारातली टोपी तुम्हाला कधी नीट बसली नसणार."

"खरंच बसली नाही कधी," मास्तर चकित होऊन म्हणाले.

"आता काळजी नाही. तुमचं डोकं माझ्याकडे आहे."

"तरीच घरात सापडत नाही," मास्तरीणबाई जिन्यातून म्हणाल्या, आणि तिघंही हसले.

तेव्हापासून संध्याकाळी मास्तर चहाचा कप घेऊन खाली उतरत. टोपीवाला काम करता करता गिऱ्हाइकांच्या डोक्यांच्या गोष्टी सांगे, मास्तर त्याला फेल्ट वाफेनं मऊ का होतं ते समजावून सांगत. तो मान हलवत ऐके. मास्तरांच्या शब्दावर त्याचा फार विश्वास होता. शाळेत तो फारसा गेलाच नव्हता, आणि म्हणूनच असेल, शाळेत शिकवणारा माणूस चुकू शकतो ही कल्पना त्याच्या मनात कधी आलीच नव्हती.

मग मागच्या खोलीच्या भिंतीवर ओल आली.

सुरुवातीला छताजवळ बशीएवढा डाग होता. मग रंगाचे पोपडे सुटले. डाग खाली उतरू लागला, तशी मास्तरांमधली जुनी जिज्ञासा जागी झाली. त्यांनी पेन्सिलीनं डागाच्या कडेनं रेघ ओढली. दोन-चार दिवसांनी बघितलं तर ओल रेघेबाहेर. पुन्हा रेघ ओढली. काही आठवड्यांत भिंतीवर डोंगराच्या नकाशासारख्या रेघांत रेघा झाल्या, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की डाग रोज वाढत नाही. तो वाढतो पाण्याच्या दिवशी. त्या भागात नळाला एक दिवसाआड पाणी येई, आणि टोपीवाला फेल्ट भिजवायचं, मळायचं, वाफवायचं सगळं काम त्याच दिवशी उरकून घेई.

मास्तरांना आनंद झाला. कारण सापडल्याचा आनंद होता तो. त्यात कोणाचं काही वाईट व्हावं असं नव्हतं.

ते वरून स्टीलचा गार पेला घेऊन आले आणि उकळत्या किटलीसमोर धरला. पेल्यावर धुकं जमलं, मग थेंब झाले, मग ओघळले.

"बघा. हा पेला म्हणजे तुमची भिंत. बाहेरून गार, आतून वाफ. वाफ वर जाते, म्हणून डाग वरून सुरू झाला."

टोपीवाला पेल्याकडे बघत राहिला. मग भिंतीकडे. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे घर मी खराब केलं, मास्तर?"

"मुद्दाम थोडंच केलंत? पण वाफ आता आत नको."

"नाही, नाही. उद्यापासून अंगणात."

त्यानं शब्द पाळला. मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला त्यानं शेगडी मांडली. हिवाळ्याचे दिवस होते. उघड्यावर फेल्ट बसवेपर्यंत गार व्हायचं, कडा वाकड्या यायच्या. एका नाटक कंपनीनं टोप्या परत पाठवल्या. तो वाऱ्याकडे पाठ करून उभा राही आणि खोकत असे. मास्तरीणबाई वरून म्हणत, "अहो, त्या माणसाला न्यूमोनिया होईल." मास्तर म्हणत, "वाऱ्यापुढे पडदा लावायला सांगतो."

पण डाग थांबला नाही. पाण्याचा दिवस आला की ओल नव्या रेघेबाहेर जायची, अगदी पूर्वीसारखीच.

इथे मास्तरांनी थांबायला हवं होतं. वर्गात एखाद्या मुलानं कारण काढून घेतलं, परिणाम तसाच राहिला आणि तरी कारण तेच असं म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण स्वतःच्या सिद्धांताला माणूस पोटच्या पोरासारखा जपतो. दोष शेजारच्या पोराचाच असतो. वाफेशिवाय ओल वाढणार नाही. ओल वाढते आहे. म्हणजे आत वाफ होते आहे. म्हणजे टोपीवाला आपण वर गेलो की आत किटली चढवतो.

हे त्यांनी मेहुण्याला सांगितलं. मेहुण्यानं मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत होतो? दुसरी किल्ली आहे ना तुमच्याकडे? तो बाहेर गेला की जाऊन बघा."

"बरं दिसत नाही ते."

"भिंत दिसते का बरी?"

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी, दुपारी, टोपीवाला रस्त्याकडे जाताना मास्तरांना खिडकीतून दिसला. ते खाली उतरले. किल्ली फिरवताना त्यांचा हात जरा थांबला, पण फिरवली. मागच्या खोलीत टेबलावर किटली होती. आत. मास्तरांनी तिच्यावर तळहात ठेवला. किटली गरम होती.

ते तसेच उभे असताना दार उघडलं. टोपीवाल्याच्या हातात दोऱ्याचं रीळ होतं. तो आधी मास्तरांच्या हाताकडे बघत राहिला.

"किटली गरम आहे," मास्तर म्हणाले.

"हो. आत्ताच अंगणातून आत ठेवली. वाऱ्यानं कलंडते. दोरा संपला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेलो होतो."

"शेगडी बाहेर आणि किटली आत?"

"शेगडी कलंडत नाही, मास्तर."

"खोटं बोलू नका. वाफेचं मला सांगू नका. भिंत खोटं बोलत नाही."

टोपीवाल्यानं रीळ टेबलावर ठेवलं, ते घरंगळलं, त्यानं ते पुन्हा नीट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही माझ्या खोलीत काय करताय, हे मी नाही विचारलं, मास्तर."

महिना संपताना तो गेला. भांडला नाही. उलट जायच्या आधी रंगाचा डबा आणून त्यानं ती भिंत खरवडली, पुट्टी भरली आणि रंगवून दिली. पेन्सिलीच्या रेघा गेल्या. लाकडी डोकी तो पोत्यात भरून घेऊन गेला. मास्तर वरच्या खिडकीत उभे होते. खाली जाऊन निरोप द्यावा असं त्यांना दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्यांना ती गरम किटली आठवली.

नवा भाडेकरू मिळेपर्यंत खोल्या बंद होत्या. एक दिवस खोली दाखवायची म्हणून मास्तर झाडू घेऊन खाली गेले. पाण्याचा दिवस होता. त्यांनी मागची खिडकी उघडली, वळले, आणि छताजवळ बघत राहिले.

नव्या रंगातून बशीएवढा डाग आला होता. ओला.

खोलीत किटली नव्हती. शेगडी नव्हती. माणूस नव्हता. मास्तरांनी भिंतीला हात लावला, आणि त्याच वेळी डोक्यावर, छताच्या पलीकडे, घरघर सुरू झाली. मग पाणी सुटल्याचा आवाज. मग भिंतीच्या आत कुठेतरी, अगदी बारीक, टप. टप. टप.

वर मास्तरीणबाईंनी कपडे धुण्याचं मशीन लावलं होतं. गुडघे दुखतात म्हणून ओल यायच्या आधी थोडेच दिवस ते घेतलं होतं, आणि पाण्याच्या दिवशीच तेही चाले. त्याचा सांडपाण्याचा पाइप भिंतीत जोडला होता खुद्द मास्तरांनी. एवढ्याशा कामाला प्लंबर कशाला, म्हणून.

प्लंबर आला तेव्हा त्यानं जोडाभोवतीची फरशी काढली आणि शिटी वाजवली. "कोणी बसवला हो हा? रबरच नाही घातलं आत."

मास्तर म्हणाले, "मी."

"असं होय," प्लंबर म्हणाला आणि विषय बदलला. भला माणूस होता.

पाण्याच्या दिवशी दोन गोष्टी घडत होत्या. एक खालच्या मजल्यावर, एक वरच्या. मास्तरांना खालची दिसली. वरची त्यांच्या स्वतःच्या घरात होती, रोजच्या कानावरची होती, म्हणून ती गोष्ट आहे हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्या रविवारी मेहुणा जेवायला आला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "जोड बदललात ना? झालं तर. रंग मारा, नवा भाडेकरू ठेवा. झाकली मूठ."

"त्याला सांगायला हवं."

"कशाला? तो गेला, दुसरीकडे राहिला, सुखी असेल. मालकानं एकदा चूक कबूल केली ना भाऊजी, की पुढचा भाडेकरू नळ गळला तरी कोर्टाची भाषा बोलतो."

मास्तरीणबाई इतका वेळ ताटाकडे बघत होत्या. "तू गप रे," त्या भावाला म्हणाल्या. मग नवऱ्याला, "खोटारडा म्हणालात त्याला तुम्ही. भिंत रंगवून गेला हो तो."

टोपीवाल्याचा पत्ता बँडवाल्यांकडे मिळाला. मास्तर त्यानंच केलेली टोपी घालून निघाले, रस्त्यात त्यांना ते बरं वाटेना, टोपी काढून त्यांनी पिशवीत ठेवली.

जागा एका लाकडाच्या वखारीच्या मागे होती. पुढे मालकाचं घर, त्याला लागून दोन बंद खोल्या, आणि मागे एका बाजूनं उघडी पडवी. पडवीला लागून एक खोपटं होतं, त्याचं दार सताड उघडं होतं. आत खाट. बाहेर पडवीत शेगडी, किटली, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभा असलेला टोपीवाला. गळ्याभोवती मफलर. तो आणखी किरकोळ दिसत होता.

"या मास्तर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण स्टूलही त्यानं लगेच पुढे केलं नाही. "बसा. वहिनी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. तुम्ही हे इथे, उघड्यावर?"

"दुसरं काय करणार? खोल्या पुष्कळ बघितल्या. पण मी आधीच सांगून टाकतो की बाबा, माझ्या कामानं भिंतींना ओल येते. मागून वाद नकोत. मग कोणी देत नाही. यांनी पडवी दिली, उपकार झाले." त्यानं खोपट्याकडे मान वळवली. "आणि रात्री फेल्ट आत वाळत असतं, म्हणून दार उघडं ठेवतो. त्याचाही दमटपणा होतच असेल, नाही का? तुम्हीच पेल्यावर दाखवलंत."

मास्तरांनी उघड्या दाराकडे बघितलं. वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लाकडाचं एक डोकं टेकवून ठेवलं होतं. डाव्या कानाच्या वर उंचवटा होता. कपाळावर दाराचे घाव होते.

घरून निघताना मास्तरांनी वाक्यं जुळवली होती. ती सगळी सोडून त्यांनी सरळच सांगितलं.

"ओल तुमची नव्हती," ते म्हणाले. "आमच्या मशीनचा पाइप गळत होता. मी बसवलेला. तुम्ही गेल्यावरही डाग आला. वाफेचा काही संबंध नव्हता."

टोपीवाल्यानं हातातलं फेल्ट किटलीवर धरलं होतं, ते तसंच राहिलं. वाफ त्याच्या बोटांवरून जात होती.

"पेल्यावर तर पाणी आलं होतं, मास्तर."

"पेल्यावर येतं. ते खरंच आहे. पण भिंतीवरचं पाणी ते नव्हतं."

"म्हणजे मी अंगणात..."

"उगाच. हो."

"आणि किटली?"

"किटलीचंही तुम्ही खरं बोलत होता. मी तुम्हाला खोटं ठरवलं. ते माझं चुकलं, आणि किल्लीनं आत आलो तेही."

टोपीवाल्यानं फेल्ट बाजूला ठेवलं. ते गार झालं होतं. तो बोटं चोळू लागला.

"तुम्हाला खरं सांगू?" तो म्हणाला. "मला मधेमधे वाटायचं, मीच विसरलो असेन. किटली आत उकळली असेल आणि ध्यानात नसेल. कारण तुम्ही म्हणत होता म्हणजे काहीतरी असणारच."

मास्तरांना यापेक्षा शिवी चालली असती.

"खोल्या रिकाम्या आहेत," ते घाईघाईनं म्हणाले. "जोड बदलला. परत चला. भाड्याचं काही बोलू नका."

टोपीवाला पहिल्यांदाच जरासा हसला. "नको, मास्तर. तिथे आता मी शिंकलो तरी भिंतीकडे बघेन. आणि जिन्यावर तुमची पावलं वाजली की किटलीकडे. असं कसं राहायचं?" मग त्यानं पुढच्या घराकडे बोट केलं. "एक करा पण. या मालकाच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. माझ्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही, आपल्याच तोंडानं सांगितलंय मी. तुम्ही सांगा."

वखारवाला जाडजूड माणूस होता, कानावर पेन्सिल खोचलेली. मास्तरांनी सगळं सांगितलं. वाफ खिडकी उघडी ठेवली की निघून जाते, भिंतीला काही होत नाही, हेही सांगितलं.

"पण तुम्ही कोण?" वखारवाला म्हणाला.

"मी यांचा आधीचा घरमालक."

"हां! मग एवढा चांगला भाडेकरू काढलात कशाला?"

टोपीवाला शेजारीच उभा होता, जमिनीकडे बघत. पाइप, जोड, रबर हे सगळं मास्तरांच्या जिभेवर आलं. पण प्रश्न पाइपचा नव्हता.

"मला वाटलं, ते खोटं बोलतात," मास्तर म्हणाले. "ते बोलत नव्हते. खोटं बोलत असते तर आज ते या वाऱ्यात उभे नसते. तुम्हाला ओलीचं सांगितलंच नसतं."

वखारवाल्यानं पेन्सिलीनं कान खाजवला. दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "खिडकी उघडी ठेवणार ना?" त्यानं टोपीवाल्याला विचारलं.

"ठेवीन."

"मग घ्या कडेची खोली. थंडीचे दिवस आहेत, उगाच मरायचात माझ्या पडवीत."

सामान फारसं नव्हतंच. टेबलाचं एक टोक मास्तरांनी धरलं, एक टोपीवाल्यानं. मग शेगडी गेली, किटली गेली, डोक्यांची पोती गेली. ते फार बोलले नाहीत. "जरा डावीकडे." "धरलंय." "पायरी आहे." शेवटी खोपट्याचं दार लावून घ्यायचं राहिलं. टोपीवाल्यानं वाकून दाराचं ते लाकडी डोकं उचललं, बाहीनं त्यावरची माती पुसली, आणि "हे धरा जरा" म्हणून मास्तरांच्या हातात दिलं. दार आपसूक बंद झालं.

नव्या खोलीत त्यानं किटली चढवली. सवयीनं दाराकडे गेला, थांबला, आणि मागे येऊन फक्त खिडकी उघडली. फळीवर एकेक डोकं पुसून तो मांडू लागला. फळी भरत आली. मास्तर दाराशी उभे होते. हातातलं डोकं वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. कपाळावरच्या घावांवरून त्यांचा अंगठा फिरत राहिला. किटलीला वाफ आली तसं टोपीवाल्यानं एक फेल्ट उचललं आणि तो कामाला लागला.

"हे कुठे ठेवू?" मास्तरांनी विचारलं.

टोपीवाल्यानं वाफेतून एकदा वळून बघितलं.

"ठेवा कुठेही," तो म्हणाला.